नियम पटलावर ठेवला, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

संसद कायदा करते आणि त्याखालचे नियम सरकार करतं. या नियमांवर संसदेचा ताबा किती, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कुठलाही नवा कायदा उघडला की ‘विहित केल्याप्रमाणे’ (म्हणजे पुढे नियमांनी ठरवलं जाईल तसं) हे शब्द पानोपानी दिसतात. फी, मुदत, अर्जाचा नमुना सगळं ‘विहित’. मग संसदेने मंजूर तरी काय केलं?

सांगाडा मंजूर केला. मांस नंतर मंत्रालय चढवतं. यात गैर काही नाही, कारण अर्जाच्या नमुन्यासाठी दर वेळी संसद बसवता येत नाही. अडचण येते ती तपशिलाच्या नावाखाली धोरणच नियमांत जातं तेव्हा.

भारतीय कायदा हाती घेतलात तर आधी शेवटची पानं उघडा. ‘नियम करण्याचा अधिकार’ असं एक कलम तिथे असतं. सुरुवातीला एक मोघम वाक्य आणि मग (क), (ख), (ग) अशी विषयांची यादी. सरकारने स्वतःकडे काय ठेवून घेतलं, ते या यादीत दिसतं. विधेयक मांडताना लोकसभेच्या नियम ७० प्रमाणे एक ज्ञापनही जोडावं लागतं. कोणते अधिकार सोपवले, त्यांची व्याप्ती किती आणि ते सामान्य स्वरूपाचे की अपवादात्मक, हे त्यात सांगायचं असतं. बहुतेक ज्ञापनं ‘या तपशिलाच्या बाबी असून अधिकार सामान्य स्वरूपाचे आहेत’ अशा ठरीव वाक्यावर संपतात. त्या वाक्यावर विसंबू नका, कलमांची यादी स्वतः वाचा.

प्रश्न : नियम ‘तीस दिवस सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात म्हणे. हे तीस दिवस कुठले? तोवर नियम लागू नसतो का?

लागू असतो. सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. राजपत्रात प्रसिद्ध झाला (किंवा त्यात दिलेली तारीख उजाडली) की नियम अमलात येतो. पटलावर ठेवणं, म्हणजे सभागृहापुढे रीतसर सादर करणं, ही त्यानंतरची पायरी.

आता दिवस. केंद्रीय कायद्यांतलं नेहमीचं कलम सांगतं की नियम प्रत्येक सभागृहापुढे, ते अधिवेशनात असताना, एकूण तीस दिवस ठेवायचा. हे तीस दिवस एका अधिवेशनात पुरे होवोत की लागोपाठच्या दोन-तीन अधिवेशनांत मिळून. सुट्टीचा काळ धरायचा नाही. तीस दिवस भरले म्हणून दार बंद होत नाही. त्यांच्या लगतचं पुढचं अधिवेशन संपेपर्यंत बदल सुचवता येतो किंवा नियमच नको असं म्हणता येतं.

समजा, पावसाळी अधिवेशनाचे दहा दिवस उरले असताना नियम पटलावर आला. हिवाळी अधिवेशन पंचवीस दिवस चाललं, तर तीस दिवस तिथे भरले. मग शेवटची मुदत त्यानंतरच्या, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी संपते. जुलैअखेरचा नियम पुढच्या वसंतापर्यंत उघडा राहतो. वरवर पाहता ही मुदत ऐसपैस वाटते.

पण कलमात दोन अटी आहेत आणि सगळी ताकद त्यांत विरून जाते. पहिली, दोन्ही सभागृहांचं एकमत लागतं. एकट्या राज्यसभेने नियम फेटाळला तर काही होत नाही. दुसरी, कुणी काहीच केलं नाही तर नियम जसाच्या तसा कायम राहतो. शिवाय नियम रद्द झालाच, तरी आधी त्याखाली झालेल्या गोष्टींच्या वैधतेला धक्का लागत नाही. आकारलेली फी आकारलेलीच राहते.

प्रस्ताव येतच नाहीत असं मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या मध्यस्थांविषयीच्या (म्हणजे इंटरनेट कंपन्या, संकेतस्थळं यांच्याविषयीच्या) २०११ च्या नियमांविरुद्ध खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत प्रस्ताव आणला. मे २०१२ मध्ये त्यावर चर्चा झाली, मंत्र्यांनी संबंधितांशी बोलण्याचं आश्वासन दिलं आणि प्रस्ताव फेटाळला गेला. नियम राहिले.

प्रश्न : आणि मंत्रालयाने नियम पटलावर ठेवलाच नाही तर? तो आपोआप बाद होतो ना?

भारतात, सर्वसाधारणपणे, नाही. ‘अ‍ॅटलस सायकल’ प्रकरणात (१९७९) आवश्यक वस्तू कायद्याखालचा पोलाद नियंत्रणाचा आदेश सभागृहांपुढे ठेवलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ठेवण्याची तरतूद निर्देशात्मक आहे, अनिवार्य नाही. न ठेवल्यास काय होईल हे कायद्यात लिहिलेलंच नाही. आदेश टिकला. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. पटलावर ठेवल्याने बेकायदा नियम कायदेशीर होत नाही. मूळ कायद्याने न दिलेला अधिकार वापरला असेल, तर संसदेपुढे तीस दिवस राहिलेला नियमही न्यायालय रद्द करू शकतं.

प्रसिद्धीचं मात्र वेगळं आहे. ‘हरला’ प्रकरणात (१९५१) लोकांना कळवलाच नाही असा कायदा लागू धरायला न्यायालयाने नकार दिला. ज्या नियमाने लोकांना बांधायचं आहे, तो प्रसिद्ध व्हावाच लागतो.

प्रश्न : कायद्याच्या वर्गात ऑस्ट्रेलियाची पद्धत सर्वांत कडक म्हणून शिकवली. तिथेही ‘पटलावर ठेवणं’च आहे. मग फरक कशात?

‘कुणी काहीच केलं नाही तर काय?’ या प्रश्नाच्या उत्तरात. कुठल्याही देशाची पद्धत तपासताना आम्ही आधी हेच विचारतो. बाकी समित्या, अहवाल सगळीकडे असतात.

ऑस्ट्रेलियाच्या संघीय ‘लेजिस्लेशन अ‍ॅक्ट २००३’ मध्ये तीन मुदती आहेत आणि तिन्ही बैठकीच्या दिवसांत, म्हणजे सभागृह प्रत्यक्ष भरतं त्या दिवसांत, मोजतात.

नोंदणी झाल्यावर सहा बैठकींच्या आत नियम प्रत्येक सभागृहापुढे ठेवायचा. नाही ठेवला तर तो तिथेच संपतो. अ‍ॅटलस सायकलचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

ठेवल्यापासून पंधरा बैठकींच्या आत कुणीही सदस्य, अगदी एकटा अपक्षसुद्धा, नामंजुरीच्या प्रस्तावाची सूचना देऊ शकतो. सूचना दिल्यापासून पुढच्या पंधरा बैठकींत सभागृहाने तिचा निकाल लावला पाहिजे. प्रस्ताव मागे घेतला गेला नाही, मतालाही टाकला गेला नाही, तर नियम नामंजूर झाला असं धरतात. चर्चेला वेळ न देऊन सरकारला प्रस्ताव मारता येत नाही. वेळ दिला नाही तर सरकारचाच नियम जातो. त्यात एकाच सभागृहाचा नकार पुरतो, आणि सेनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, सरकारचं बहुमत पुष्कळदा नसतं.

नियम तपासणाऱ्या सेनेटच्या समितीचं खरं काम या दुसऱ्या मुदतीत चालतं. समिती मंत्र्याला पत्र लिहिते की अमुक कलमात अधिकाऱ्याच्या निर्णयावर दाद मागायची सोय नाही, खुलासा करा. उत्तर यायला वेळ लागतो आणि पंधरा बैठकी संपत आलेल्या असतात. अशा वेळी समितीचे अध्यक्ष नामंजुरीची ‘राखीव’ सूचना देऊन ठेवतात. नियम पाडायचा नसतो, फक्त मुदत हातची जाऊ द्यायची नसते. मंत्र्याने दुरुस्तीचं लेखी वचन दिलं की सूचना मागे घेतात. बहुतेक सुधारणा अशा, मतदानाविना होतात. म्हणून नामंजूर नियमांची संख्या मोजून समितीचं वजन ठरवणं चूक आहे.

आणखी एक खुंटी. नामंजूर झालेला नियम, किंवा आशयाने तोच असलेला, सभागृहाच्या परवानगीविना सहा महिने पुन्हा करता येत नाही. हे १९३१ च्या अनुभवातून आलं. गोदी कामगारांविषयीचे नियम सेनेटने नामंजूर करायचे आणि सरकारने तेच पुन्हा काढायचे, असा खेळ तेव्हा चालला होता. सेनेटची समितीही पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये आली. पूर्वी तिच्या नावात ‘रेग्युलेशन्स अँड ऑर्डिनन्सेस’ होतं; २०१९ मध्ये ते बदललं.

शिवाय दहा वर्षांनी नियम आपोआप मावळतो: दहावं वर्ष पुरं झाल्यावर येणाऱ्या १ एप्रिलला किंवा १ ऑक्टोबरला.

कच्चा दुवा सूट देण्यात आहे. नियम ‘नामंजुरीस पात्र नाही’ असं मूळ कायद्यातच लिहिलं की ही सगळी यंत्रणा बाजूला पडते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकांना देशाबाहेर जायला बंदी घालणारा आदेश जैवसुरक्षा कायद्याखाली निघाला आणि तो याच वर्गातला होता. सर्वांत मोठी बंधनं घालणारा नियम संसदेच्या हाताबाहेर होता.

प्रश्न : ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने १९७९ नंतर एकही नियम रद्द केला नाही असं वाचलं. खरं आहे?

‘निगेटिव्ह’ पद्धतीच्या नियमांबाबत खरं आहे. २४ ऑक्टोबर १९७९ ला घासलेटच्या कमाल किमतीसंबंधीचा एक आदेश रद्द झाला, तो शेवटचा.

तिथे मुख्यतः दोन पद्धती आहेत. निगेटिव्ह पद्धतीत नियम लागू होतो आणि चाळीस दिवसांत कुठल्याही एका सभागृहाने नको म्हटलं तर रद्द होतो. ‘अफर्मेटिव्ह’मध्ये दोन्ही सभागृहांनी होकार दिल्याशिवाय तो लागू होत नाही किंवा टिकत नाही. चाळीस दिवसांत सभागृहं चार दिवसांहून जास्त स्थगित असतील तो काळ धरत नाहीत.

कागदावर एका सभागृहाचा नकार पुरतो, म्हणजे भारतापेक्षा दार मोठं आहे. पण ते उघडणार कोण? नामंजुरीच्या प्रस्तावाला तिथे ‘प्रेयर’ म्हणतात, कारण तो राजाला केलेल्या विनंतीच्या भाषेत असतो. त्यावर चर्चा लावायची की नाही हे सरकारच्या हातात. चाळीस दिवस चर्चेविना गेले की विनंती विरली.

चर्चा मिळाली तरी ती बहुधा छोट्या समितीत, जास्तीत जास्त दीड तास. आणि तिथे मतदानाला येणारा प्रस्ताव ‘या समितीने नियमाचा विचार केला आहे’ एवढाच असतो. विरोधात मत दिलं तर अर्थ काय, तर विचार केला नाही! नियमाला त्याने ओरखडाही उठत नाही. त्यात नियमात दुरुस्ती सुचवता येत नाही. ऐंशी पानांतलं एक वाक्य खटकलं तरी सगळा नियम घ्या नाहीतर सगळा टाका.

घाई असली की काय होतं ते २६ मार्च २०२० ला दिसलं. इंग्लंडमधल्या टाळेबंदीचे नियम दुपारी एक वाजता केले, एकलाच लागू झाले आणि अडीचला संसदेपुढे ठेवले. त्यांना अठ्ठावीस दिवसांत मंजुरी हवी होती, पण सभागृहं आदल्या दिवशीच उठली होती आणि सुट्टी मोजायची नव्हती. कॉमन्समध्ये चर्चा झाली ४ मे रोजी, म्हणजे ३९ दिवसांनी. तोवर २२ एप्रिलला नियमांत दुरुस्तीही होऊन गेली होती. सदस्य जुन्या रूपावर बोलत होते.

वरिष्ठ सभागृहाला, म्हणजे लॉर्ड्सना, नकाराचा पूर्ण अधिकार आहे, पण ते तो फार जपून वापरतात. २०१५ मध्ये त्यांनी टॅक्स क्रेडिटचे (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीचे) नियम फेटाळले नाहीत, नुसते लांबवले, तरी केवढं वादळ उठलं. त्यांच्या समित्यांचं काम मात्र उत्तम आहे: एक समिती विधेयकातच कोणते अधिकार सोपवले जात आहेत ते पाहते, दुसरी प्रत्यक्ष नियमाचा गुणदोष पाहते. पहिली आम्हाला जास्त मोलाची वाटते. अधिकार एकदा दिला की मग नियमामागे धावणं आलं.

प्रश्न : नियमाने मूळ कायदाच बदलता येतो, हे ऐकून धक्का बसला. असं असतं?

असतं. ब्रिटनमध्ये अशा कलमांना आठव्या हेन्रीचं नाव आहे. त्याच्या फर्मानांना कायद्याचं बळ देणारा कायदा १५३९ चा. भारतात याचा सौम्य अवतार म्हणजे ‘अडचणी दूर करण्याचा अधिकार’. आता त्याला बहुधा दोन-तीन वर्षांची मुदत आणि ‘या कायद्याशी विसंगत नसेल असा’ ही अट असते. बोनस कायद्यातलं तसलं कलम सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ‘जालान ट्रेडिंग’ प्रकरणात अवैध ठरवलं, कारण अडचण आहे का आणि ती कशी दूर करायची हे दोन्ही सरकारच ठरवणार होतं. कायद्यात हे कलम दिसलं तर मुदत आणि विसंगतीची अट आहे का, तेवढं तपासा.

प्रश्न : अमेरिकेत काँग्रेसने नियम नाकारला तरी राष्ट्राध्यक्षांची सही लागते. स्वतःच्याच खात्याचा नियम ते का पाडतील?

पाडत नाहीत, म्हणून तर नियम नाकारण्याची ही वाट सरकार बदलल्यावरच चालते. पूर्वी एकाच सभागृहाच्या ठरावाने निर्णय उलटवता यायचा. जगदीश राय चढ्ढा यांची हद्दपारी रोखण्याचा निर्णय प्रतिनिधिगृहाने असाच उलटवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं, की ज्याचा परिणाम कायद्यासारखा आहे, ते दोन्ही सभागृहांतून आणि राष्ट्राध्यक्षांपुढून गेलं पाहिजे. त्यानंतर १९९६ मध्ये ‘काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्ट’ आला. त्यात सेनेटमध्ये दहा तासांची चर्चा आणि साधं बहुमत पुरतं. अडवून धरता येत नाही. जुन्या सरकारने जाता जाता, सत्राच्या शेवटच्या साठ कामकाजाच्या दिवसांत पाठवलेल्या नियमांसाठी नव्या काँग्रेसला मुदत नव्याने मिळते. म्हणूनच २०१७ पूर्वी या कायद्याने एकच नियम पडला होता (२००१ मध्ये), आणि २०१७-१८ मध्ये सोळा पडले. पडलेल्या नियमासारखाच नियम, नवा कायदा झाल्याशिवाय, पुन्हा करता येत नाही. ही बंदी ऑस्ट्रेलियाच्या सहा महिन्यांपेक्षा कितीतरी जाचक आहे.

प्रश्न : जर्मनीत नियम तपासणारी अशी समितीच नाही का?

तिथे भर आधीच्या टप्प्यावर आहे. मूलभूत कायद्याचं, म्हणजे जर्मन घटनेचं, कलम ८० सांगतं, की सोपवलेल्या अधिकाराचा आशय, हेतू आणि व्याप्ती संसदेने कायद्यातच ठरवायची आणि कुठल्या कलमाखाली नियम केला ते नियमातच लिहायचं. हिटलरच्या सरकारला संसदेविना कायदे करू देणाऱ्या १९३३ च्या सर्वाधिकार कायद्याने काय केलं, हे घटना लिहिणाऱ्यांनी पाहिलं होतं.

प्रश्न : एका केंद्रीय नियमामुळे आमच्या संस्थेची अडचण होते. संसदीय समितीकडे जाता येईल का? अर्जात काय लिहावं?

निवेदन देता येतं. ते हाती घ्यायचं की नाही हे समिती ठरवते. न्यूझीलंडमध्ये ही वाट जास्त रुंद आहे. १९८५ पासून चालणाऱ्या तिथल्या नियम पुनरीक्षण समितीकडे नियमाची झळ बसलेली कोणतीही व्यक्ती वा संस्था तक्रार करू शकते, अध्यक्ष संकेताने विरोधी पक्षाचा असतो, आणि समितीच्या सदस्याने दिलेला नामंजुरीचा प्रस्ताव एकवीस बैठकींत निकालात निघाला नाही तर नियम आपोआप रद्द होतो.

भारतात नियम तपासणाऱ्या दोन समित्या आहेत: लोकसभेची १९५३ पासून, राज्यसभेची १९६४ पासून, प्रत्येकी पंधरा सदस्य. लोकसभेच्या समितीत मंत्री नसतो. शिफारस बंधनकारक नाही, पण मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं. कायदा लागू झाल्यावर सहा महिन्यांत नियम व्हावेत अशी अपेक्षा आहे, आणि जमत नसेल तर मंत्रालयाला समितीकडे मुदतवाढ मागावी लागते. नागरिकत्व (दुरुस्ती) कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला आणि नियम ११ मार्च २०२४ ला आले, ते अशा अनेक मुदतवाढींनंतर.

निवेदनं वाया जातात ती बहुधा एकाच कारणाने: लोक धोरणावर लिहितात. ‘हा नियम अन्यायकारक आहे, रद्द करा’ हे समितीच्या कामाच्या चौकटीत बसत नाही. लोकसभेच्या नियम ३२० मध्ये तपासणीचे मुद्दे आहेत. मूळ कायद्याच्या हेतूशी नियम जुळतो का. जे कायद्यातच असायला हवं ते नियमात आलं का. कर लावला का. न्यायालयाचा दरवाजा बंद केला का. कायद्याने परवानगी दिलेली नसताना मागच्या तारखेपासून लागू केला का. अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला का. प्रसिद्धीला किंवा पटलावर ठेवायला विनाकारण उशीर झाला का. भाषा संदिग्ध आहे का. तुमची तक्रार यांतल्या एखाद्या मुद्द्यात बसवा. ‘फी फार आहे’ असं न लिहिता ‘कलमात फीचा अधिकारच दिलेला नाही, म्हणजे हा कर आहे’ असं, खरं असेल तर, लिहा.

मग कागद जमवा. अधिसूचनेचा जीएसआर क्रमांक (राजपत्रात नियमाला दिलेला क्रमांक) आणि राजपत्राची तारीख, नियम ज्या कलमाखाली केला ते कलम (अधिसूचनेच्या पहिल्याच वाक्यात असतं), मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता का, आणि दोन्ही सभागृहांत पटलावर ठेवल्याची तारीख. ही तारीख सभागृहाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या कागदांत सापडते. अधिवेशन चालू असेल तर राजपत्रानंतर पंधरा दिवसांत नियम पटलावर यावा, असं समितीचं म्हणणं आहे; तफावत जास्त असेल तर तो वेगळा मुद्दा करा.

खटकणारा पोटनियम शब्दशः उतरवा, त्याखाली मूळ कलम शब्दशः, आणि त्याखाली तुमचा पर्यायी मजकूर. दोन पानं पुरेत. पाठवण्याआधी नियमात मधल्या काळात बदल झाला नाही ना, हेही पाहून घ्या. दुरुस्तीच्या अधिसूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप असते: मूळ नियम कधी, कुठल्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि शेवटची दुरुस्ती कुठली. शोधाला तिथून मागे जायचं.